पोस्टग्रेसमधला बेवारस स्लॉट काढताना

पोस्टग्रेसच्या मुख्य सर्व्हरची डिस्क भरत चालली आणि जागा 'पीजी_वॉल' फोल्डरने खाल्लेली दिसली, तर आधी रेप्लिकेशन स्लॉट तपासा. दुसरा सर्व्हर (उदाहरणार्थ स्टँडबाय) मागे पडला तरी त्याला लागणाऱ्या वॉल फाइली, म्हणजे बदलांच्या नोंदी, राखून ठेवणं हे स्लॉटचं काम. तो सर्व्हर कायमचा बंद झाला, तरी स्लॉट राखण करतच राहतो.

त्या फोल्डरमधल्या फाइली हाताने पुसू नका. सर्व्हर अचानक पडला, तर त्याला सावरायला त्याच लागतात.

'पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स' हा व्ह्यू उघडा. 'अॅक्टिव्ह' रकान्यात 'फॉल्स' असलेल्या ओळी निवडा आणि प्रत्येकीचा 'रिस्टार्ट_एलएसएन' सध्याच्या एलएसएनपासून (वॉलमधल्या स्थानापासून) किती मागे आहे, ते 'पीजी_वॉल_एलएसएन_डिफ' या फंक्शनने काढा. उत्तर बाइट्समध्ये येतं. आवृत्ती 17 किंवा पुढची असेल, तर 'इनअॅक्टिव्ह_सिन्स' रकान्यात स्लॉट कधीपासून निष्क्रिय आहे तेही कळतं. सगळे स्लॉट ठीक निघाले, तर 'पीजी_स्टॅट_आर्कायव्हर' पाहा. आर्काइव्हिंग अडलं तरी फाइली अशाच साचतात.

आता खरं जोखमीचं काम: स्लॉटचा मालक शोधणं. 'फॉल्स' म्हणजे या क्षणी कुणी जोडलेलं नाही, एवढंच. स्टँडबाय रीस्टार्ट होत असेल, बदल वाचणाऱ्या डेबेझियमचा कनेक्टर कुणी तात्पुरता थांबवला असेल. स्लॉटचं नाव, प्रकार आणि लॉजिकल असल्यास डेटाबेस पाहून संबंधित टीमला विचारा. घाईत चुकीचा स्लॉट उडवला आणि मधल्या फाइली गेल्या, तर तो स्टँडबाय आर्काइव्हमधून सावरावा लागतो. आर्काइव्ह नसेल तर नव्याने उभा करावा लागतो.

मालक उरलेला नाही याची खात्री झाली, की 'पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट' या फंक्शनला स्लॉटचं नाव द्या. स्लॉट एखाद्या नको असलेल्या सबस्क्रिप्शनचा असेल आणि ते सबस्क्रिप्शन अजून जिवंत असेल, तर मात्र सबस्क्रायबरवर 'ड्रॉप सबस्क्रिप्शन' चालवा. मुख्य सर्व्हरवरचा स्लॉटही त्याने जातो. जागा लगेच मोकळी होत नाही, पुढच्या चेकपॉइंटला होते. घाई असेल तर 'चेकपॉइंट' स्वतः चालवा.

डिस्क सावरल्यावर 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ' ठरवून टाका. 13व्या आवृत्तीपासून ही मर्यादा आहे, पण मुळात ती उणे एक, म्हणजे अमर्याद असते. आवृत्ती 18 मध्ये निष्क्रिय स्लॉट ठरावीक काळाने बाद करण्याची सोय आली. तीही मुळात बंदच असते. मर्यादा ओलांडली तर मागे पडलेल्या स्टँडबायला मुकावं लागेल, पण मुख्य डेटाबेस बंद पडण्यापेक्षा ते नुकसान कितीतरी कमी आहे.