नळ आटला की नदी कोणाची? रोहिणी, चवदार तळे आणि गेर्लिंगेन



या वेळच्या अभ्यासासाठी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा पहिला खंड काढून ठेवा आणि सिद्धार्थाचा शाक्य संघाशी झालेला संघर्ष पुन्हा एकदा वाचा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्राने घर सोडले, ही कथा बाबासाहेबांनी मान्य केली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर आजारी माणूस किंवा मृत्यू पाहिलाच नव्हता, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. त्या कथेच्या जागी त्यांनी एका नदीचा वाद ठेवला.

नदीचे नाव रोहिणी. तिच्या एका बाजूला शाक्य, दुसऱ्या बाजूला कोलिय, आणि दोघांचीही शेती तिच्याच पाण्यावर. पाणी आधी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून दर हंगामात कुरबुरी होत. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना दोन्हीकडच्या सेवकांत मारामारी झाली, माणसे जखमी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा प्रस्ताव आणला. सिद्धार्थाने विरोध केला. आधी चूक कोणाची ते तपासा, असे त्याचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाच जणांनी वाद मिटवावा, अशी त्याची सूचना होती. बहुमताने ती फेटाळली गेली. पुढे सैन्यात दाखल व्हायलाही त्याने नकार दिला. मग कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्त होण्याची वेळ येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

इथे थोडे थांबा. आपल्या धम्माच्या सुरुवातीला पाणीवाटपाचा तंटा आहे आणि त्यावर सुचवलेला उपाय पंच नेमण्याचा आहे. तलवार काढायची नाही, तसेच पाण्यावरचा हक्क सोडून घरीही बसायचे नाही. हा दुसरा भाग आपण वाचताना अनेकदा निसटतो.

पाली परंपरेत रोहिणीची आणखी एक कथा आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत बुद्धत्व मिळाल्यानंतर तथागत स्वतः दोन सैन्यांच्या मध्ये जातात आणि विचारतात, पाण्याचे मोल किती आणि माणसांचे किती? बाबासाहेबांनी मात्र प्रसंग गृहत्यागाच्या आधीचा घेतला, आणि त्यामुळे प्रश्न राजकीय राहिला: बहुमत चुकीचे असेल तर एकट्या माणसाने काय करायचे?

एक शब्दाची गोष्टही सांगून टाकतो. पालीतली ‘तण्हा’ आणि आपली ‘तहान’ हे एकाच मुळाचे शब्द. म्हणून काही जण धम्माच्या नावाखाली सांगतात की तृष्णा सोडा, मागण्या कमी करा. हे ऐकून घेऊ नका. तण्हा म्हणजे आसक्ती, ती सोडायची असते. कोरड पडलेल्या घशाला पाणी लागते, ती आसक्ती नव्हे. आनंदाने मातंग मुलीकडे पाणी मागितले, तेव्हा तिने आपली जात सांगितली. आनंदाने उत्तर दिले की मी पाणी मागितले, जात विचारली नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंगही ग्रंथात घेतला आहे.

आता महाडकडे या. महाड सावित्री नदीच्या काठचे गाव, पाण्याचा तुटवडा असलेले नव्हे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद पूर्ण झाला, पण तळ्यावर कोणी गेले नाही. जाण्याची सोयच नव्हती, मार बसला असता.

मार्च १९२७ च्या परिषदेत एक हिशेब आहे, तो मुलांना आवर्जून सांगा. परिषदेला आलेल्या हजारो माणसांसाठी सवर्णांकडून पाणी विकत घ्यावे लागले, चाळीस रुपयांचे. ज्या गावात सार्वजनिक तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेच्या दप्तरात होता, त्याच गावात हे घडले. २० मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी घेतले, मागून लोक आले. त्यानंतर मंडपात परतलेल्यांवर हल्ला झाला, आणि तळे शेण, गोमूत्र, दूध-दह्याच्या १०८ घागरींनी ‘शुद्ध’ करण्यात आले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला, म्हणजे बोले ठरावाला चार वर्षे पुरी झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

पुढचा भाग आपल्या लोकांनाही फारसा माहीत नसतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह ठरला. त्याआधी १२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि मग मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेब परिषदेला आले, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर जाणे त्यांनी थांबवले. कोर्टाच्या हुकमाविरुद्ध लोकांना उभे करायचे नाही, असे त्यांनी ठरवले. मग लढाई कोर्टात चालली. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला, १९३३ मध्ये ठाण्याच्या कोर्टाने तेच केले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली.

न्यायालयाने काय पाहिले, ते महत्त्वाचे आहे. सवर्णांचे म्हणणे होते की अस्पृश्यांनी या तळ्यावर न येण्याची रूढी अनादिकाळापासूनची आहे. न्यायाधीशांनी दोन गोष्टी पाहिल्या. तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते. आणि नगरपालिका येण्यापूर्वी तळ्याभोवती सवर्णांची घरे असल्याने अस्पृश्य तिकडे फिरकण्याचा प्रसंगच आला नसावा. त्यामुळे त्यांना प्रत्यक्ष अडवल्याचा पुरावाही नव्हता. म्हणजे ‘कोणी येत नव्हते’ आणि ‘कोणाला यायचा हक्क नव्हता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला हा निकाल त्याच्या कोरड्या भाषेसह आवडतो. समतेवर एक वाक्यही न लिहिता त्याने रूढीचा आधार काढून घेतला. पण त्याची मर्यादाही दिसते: रूढी जुनी आहे असे सिद्ध करता आले असते, तर निकाल उलटा लागू शकला असता. राज्यघटनेच्या कलम १५(२) ने ती फट बुजवली. सरकारी पैशाने पूर्णपणे किंवा अंशतः चालणाऱ्या अथवा सर्वांसाठी ठेवलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला अडवता येणार नाही. ‘स्नानघाट’ हा शब्द पाहा. घाट म्हणजे नदीचा काठ. बाबासाहेबांच्या काळातली नदीची भांडणे त्या एका शब्दात आली आहेत.

आता नळ. नळ आल्यावर प्रश्न संपला, असे आपल्याला वाटते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली, पाचपेक्षा जास्त माणसे एकत्र जमायची नाहीत. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. कृष्णेचे पाणी रुळांवरून मांजरेच्या शहरात आले. हंडे घेऊन उभ्या राहणाऱ्या कोण होत्या, हे सांगायला नको. ज्यांच्या दारात बोअर होती किंवा टँकरवाल्याला द्यायला पैसे होते, ते रांगेत नव्हते.

त्याच वर्षी वाशीम जिल्ह्यातल्या कळंबेश्वर गावात एका दलित मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी भरू दिले नाही. त्याने कोणाशी भांडण केले नाही. रोजच्या मजुरीच्या आधी आणि नंतर मिळून सहा तास तो खणत राहिला, चाळीस दिवस, एकटा. पाणी लागले आणि त्याच्या वस्तीला ते मिळाले. ही बातमी देशभर कौतुकाने छापून आली. मला त्या कौतुकाचा राग येतो. एका माणसाच्या मेहनतीचे गोडवे गाताना, गावातल्या आधीच्या विहिरीवर कायद्याचे काय झाले हा प्रश्न बाजूला पडला. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी दुसरे तळे खणा असे सांगितले नव्हते.

जात हे एकच कुंपण नाही. छत्तीसगडमध्ये, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, १९९८ साली शिवनाथ नदीचा दुर्गजवळचा सुमारे तेवीस किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीला करारावर दिला गेला. उद्योगांना पाणी विकायचे होते. काठच्या मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या पाण्यावर जायला अडवले जाऊ लागले. म्हणजे नदी सरकारची असली तरी ती सरकारने कोणाला देऊन टाकायची वस्तू आहे का, हा प्रश्न उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हिमाचलातल्या बियास नदीच्या प्रकरणात सांगितले आहे की अशा नैसर्गिक साधनांचे सरकार विश्वस्त आहे.

आता आपण जिथे राहतो तिथले पाहू. स्टुटगार्टच्या आसपासच्या अनेक नळांना बोडनझे सरोवराचे पाणी येते. १९५८ पासून झिप्लिंगेनजवळ साठ मीटर खोलीतून ते उचलले जाते, डोंगरावर चढवले जाते आणि बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये सुमारे चाळीस लाख लोकांपर्यंत पोचते. ही कंपनी नव्हे, नगरपालिकांनी मिळून चालवलेली संस्था आहे. गेर्लिंगेनमध्ये तोटी फिरवताना यामागे किती गावांनी एकमेकांशी करार केला असेल, याचा विचार सहसा येत नाही. सिद्धार्थाने सुचवलेली पाच जणांची बैठक थोड्या मोठ्या आकारात, असे म्हणायला हरकत नाही.

आणि नदी? आपल्याजवळून ग्लेम्स वाहते, ती पुढे एन्झला आणि एन्झ नेकारला मिळते. इथल्या पाणीकायद्यात ‘गेमाइनगेब्राउख’ म्हणून एक तरतूद आहे, म्हणजे सर्वांचा वापर. नदी-नाल्यात पोहणे, हातातल्या भांड्याने पाणी काढणे, जनावरांना पाणी पाजणे, विनाइंजिनची छोटी होडी चालवणे याला परवानगी लागत नाही. हे वाचून मला आपले वतन आठवले. ‘हातातल्या भांड्याने’ म्हणजे ओंजळ आणि घागर, ज्यावर महाडला दहा वर्षे खटला चालला. संघराज्याच्या कायद्यात हा हक्क ‘येडे पेर्झोन’ला आहे, प्रत्येक व्यक्तीला. नागरिकत्वाची अट नाही. ज्यांच्याकडे निवासाचा परवानाच आहे, त्यांचाही तो आहे. पंप लावून बाग भिजवायची असेल तर गोष्ट वेगळी, आणि कोरड्या उन्हाळ्यात जिल्हा कार्यालये पाणी उपसण्यावर बंदी घालतात, ते योग्यही आहे. ओढा आटला तर मासे आणि खालच्या बाजूची माणसे यांचे काय, हा रोहिणीचाच प्रश्न.

इथेही मालकीची भांडणे झाली आहेत. स्टुटगार्टची पाणीव्यवस्था २००२ मध्ये एका वीजकंपनीकडे गेली. नागरिकांनी वीस हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि २०१० मध्ये शहर परिषदेने ती परत घेण्याची मागणी मान्य केली. किंमत ठरवण्याचा वाद त्यानंतरही कोर्टात रेंगाळत राहिला. पुढे युरोपभर ‘पाणी हा मानवी हक्क’ म्हणणाऱ्या नागरिक-पुढाकाराला १८ लाखांहून अधिक सह्या मिळाल्या, त्यातल्या बहुतेक जर्मनीतल्या. आपल्यापैकी ज्यांच्याकडे युरोपीय नागरिकत्व नाही, त्यांना तिथे सही करता आली नाही. नदीवर जाता येते, पण नदीचा निर्णय करणाऱ्या कागदावर सही नाही. हा फरक ध्यानात असू द्या, आणि नागरिकत्व मिळालेल्यांनी सही करताना बाकीच्यांची आठवण ठेवा.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी हा मानवी हक्क मानला. १२२ देशांनी बाजूने मत दिले, भारत आणि जर्मनी दोघेही त्यात होते. जानेवारी २०२३ पासून जर्मन कायद्यानेही नगरपालिकांवर सार्वजनिक जागी पिण्याचे पाणी पुरवण्याची जबाबदारी टाकली आहे. तरी महाडचा १९२४ चा ठराव आठवा. पुढच्या खेपेस शहरात फिरायला गेलात तर असा नळ कुठे आहे आणि तो चालू आहे का, पाहा. बंद असेल तर नगरपालिकेला लिहा. अर्ज जर्मनमध्ये लिहायला अडचण असेल तर धम्मवर्गात आणा, आपण बसून लिहू.

एक काम मात्र प्रत्येकाने घरी करावे. या रविवारी गावाकडे फोन लावाल तेव्हा आईला, आजीला किंवा थोरल्या काकूंना विचारा: तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणत होता? विहिरीवर कोणत्या बाजूने जात होता? घागरीत पाणी कोण वरून ओतायचे? नदीत तुमचा घाट कुठे होता, गावाच्या वरच्या अंगाला की खालच्या? नळ कधी आला, आणि आधी कोणाच्या गल्लीत आला? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, गावाचे आणि नदीचे नाव घालून. विचारायला उशीर करू नका, हे सांगणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत.