परक्याचें ओझें

समजा, भर पावसाळ्यांत गोरेगांवीं मोबाइलचा टॉवर बंद पडला आहे, आणि आजाऱ्याच्या औषधासाठीं हिंगोलीस निरोप धाडावयाचा आहे. अशा वेळीं निरोप वाटसरूच्या यंत्रांत उतरावा, वाटेंत दुसरा भेटतांच त्याच्या यंत्रांत जावा, आणि असा हातोहात मुक्कामीं पोंचावा, अशी योजना करितां येते. साठवावें, वाहावें, पुढें द्यावें, हा तिचा नियम. अशा विलंब सोसणाऱ्या जाळ्याची रचना केव्हिन फॉल या अमेरिकन शास्त्रज्ञानें २००३ सालीं मांडली.

येथें एक अडचण आहे. परक्याचा निरोप वाहतांना बॅटरी आपली खर्चते, लाभ मात्र दुसऱ्याचा होतो. म्हणून आपमतलबी यंत्रधारक स्वतःचे निरोप पुढें देतो आणि इतरांचे टाकून देतो. सर्वांनींच असें केलें, तर त्याचाहि निरोप पोंचणार नाहीं!

यावर मुख्यतः तीन उपाय सुचविले गेले. पहिला, जशास तसें: जो आपलें वाहतो, त्याचें आपण वाहावें. पण तुटक जाळ्यांत पुन्हा भेट होईलच असें नाहीं. दुसरा, लौकिक: कोण विश्वासू, हें एकमेकांस कळवावें. पण वाहक दृष्टीआड झाल्यावर त्यानें निरोप नेला कीं टाकला, हें पाहणार कोण? तिसरा, मोबदला: वाहकाच्या खातीं गुण जमा करावे, व ते खर्चून त्यानें आपले निरोप पाठवावे. मात्र हे गुण निरोप उचलल्याबद्दल न देतां पोंचल्यावरच द्यावे, आणि वाटेंतील सर्व वाहकांस वांटावे. मग न पाहतांहि काम होतें.

हें तत्त्व आपणांस परकें नाहीं. मुंबईंत १८९० सालीं सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या कामांत डबा अनेक हातांतून जातो, आणि एका गटांतील सभासद मिळकत सारखी वांटून घेतात. त्यामुळें सोबत्याच्या हातचा डबा चुकला, तर तो सर्वांचाच तोटा ठरतो.

तथापि आरंभ कोणीं करावा? रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनीं भरविलेल्या संगणकांच्या स्पर्धेंत ‘जशास तसें’ हाच डाव जिंकला, आणि त्या डावांतील पहिली खेळी नेहमीं सहकार्याची असते. बालमित्रहो, वर्गांतील गैरहजर सोबत्याची वही पुरी करून देतांना व पालकहो, शेजाऱ्याचा निरोप नेतांना, ही पहिली खेळी आपणच खेळावी, असें आम्हांस वाटतें.