रूप आणि पारख



रूपाला मोल नाही, असे आपण म्हणतो. पण स्थळ पाहताना ‘मुलगी गोरी आहे का?’ हे आधी विचारतो. नोकरीतही तसेच. हॅमरमेश व बिडल या अर्थतज्ज्ञांनी १९९४ साली अमेरिका व कॅनडातील पाहण्यांवरून दाखवले, की दिसायला साधारणाहून उणे ठरलेल्यांना सुमारे ५ ते १० टक्के कमी वेतन मिळत होते. आपल्याकडे १९७५ पासून एक क्रीम गोरेपणाची आशा दाखवत विकले गेले. २०२० मध्ये त्याच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. आपल्या मनातून गेला का?

इशायाच्या घरी उंचापुऱ्या अलियाबला पाहून शमुवेल संदेष्ट्यालाही वाटले, राजा हाच! (१ शमुवेल १६). परमेश्वराने त्याला थांबवले आणि मेंढरे राखणाऱ्या दावीदाला निवडले. दावीदही देखणा होता, हे शास्त्र लपवत नाही. सौंदर्य हा दोष नव्हे, ते देवाचे दान आहे. पण निवडीचे कारण ते नव्हते. देवाने अंतःकरण पाहिले.

कसे दिसावे हे फारसे आपल्या हाती नसते. कसे पारखावे हे मात्र असते. कामावर माणूस ठेवताना त्याचे काम पाहू या. मिरकरवाडा बंदरात किंवा आंब्याच्या बागेत राबून रापलेला चेहरा कष्टांची साक्ष देतो. सून पाहताना तिचा स्वभाव, श्रद्धा आणि तिची स्वतःची पसंती जाणून घेऊ या. ‘उन्हात जाऊ नकोस, काळी होशील,’ हे लेकीला सांगणे आजपासून सोडू या.

मननासाठी : केवळ रूपावरून आपण कोणाला नाकारले आहे का?