ताम्हिणीत पंक्चर: किट पुरेल की स्टेपनी हवी?

प्रश्न: नव्या गाडीत स्टेपनीऐवजी पंक्चर किट आहे. पौडहून ताम्हिणीमार्गे माणगावला जाताना ते पुरेल का?
– एक वाचक, मुळशी

उत्तर: ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि टायरमधील हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना ऑक्टोबर २०२० पासून स्टेपनीची सक्ती नाही.

रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळ्याने पडलेलं साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं छिद्र किट बुजवतं. चाक उतरवावं लागत नाही. पावसात, घाटाच्या वळणावर ही मोठी सोय.

मात्र खड्ड्याच्या कडेने टायरची बाजू फाटली, तर किट निरुपयोगी ठरतं. ताम्हिणीत मोबाइलची रेंजही बेभरवशाची. त्यामुळे या वाटेने नेहमी जाणाऱ्यांनी किटसोबत स्टेपनी, जॅक आणि पाना ठेवावाच. स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा तपासावी. किटमधल्या सीलंटच्या बाटलीवरची मुदतही पाहावी.