पाण्यासाठी तातडीचे कर्ज : फिरत्या निधीचा हिशेब

मुख्य जलवाहिनी फुटली किंवा विहिरीचे पाणी दूषित झाले, तर गाव पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहू शकत नाही. पैसा लगेच हवा असतो. तो कोठून यावा आणि परत कसा यावा, हे समजण्यासाठी आज आम्ही अमेरिकेतील एक व्यवस्था पाहू.

१९९६ साली अमेरिकेने सुरक्षित पेयजल कायद्यात दुरुस्ती करून राज्यांच्या फिरत्या निधीची सोय केली. मूळ नियम असा की, केंद्राने १०० डॉलर दिले तर राज्याने २० घालावेत. या निधीतून पाणीयोजनांना बाजारापेक्षा कमी व्याजाने किंवा बिनव्याजी कर्ज मिळते. हप्ते परत आले की तीच रक्कम दुसऱ्या गावाच्या कामी येते.

या व्यवस्थेत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत.

१) क्रम आणि अपवाद : आरोग्याला धोका जितका मोठा, तितका योजनेचा क्रमांक वर. मात्र अचानक बिघाड झाल्यास यादी ओलांडून कर्ज देता येते. अशा अपवादाचे नियम आधीच ठरलेले असावेत. नाहीतर वशिल्याचेच काम तातडीचे ठरते.

२) खर्चाची मर्यादा : पैसा जलवाहिन्या, शुद्धीकरण यंत्रणा, टाक्या यांसाठी. रोजची देखभाल आणि वीजबिल यातून भागवता येत नाही. भांडवल रोजच्या खर्चात गेले की हप्ता भरायला काही उरत नाही.

३) परतफेडीचा स्रोत : कर्ज घेणाऱ्याने फेडीसाठी ठरावीक उत्पन्न, बहुधा पाणीपट्टी, आधीच दाखवावे लागते.

आता गरिबांचा प्रश्न. फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला आणि नळाच्या पाण्यात शिसे उतरले. २०१७ साली त्या शहराचे या निधीतील सुमारे २ कोटी डॉलरचे जुने कर्ज माफ झाले. संकटात सापडलेल्यांना अशी माफी न्याय्यच होती. पण माफीलाही किंमत असते. समजा, १ कोटीचे बिनव्याजी कर्ज २० वर्षांसाठी दिले, तर दरवर्षी ५ लाख परत येतात. निम्मे माफ केले तर अडीच लाखच येतात, आणि रांगेतील पुढच्या गावाला तितके कमी मिळते.

म्हणून माफी कोणाला व किती, हे संकटापूर्वीच ठरवून त्याचा हिशेब वेगळा ठेवावा. आमच्या मते कोणत्याही सामायिक निधीला हाच नियम लागू आहे : देताना उशीर नको आणि वसुलीत ढिलाई नको.