पेशीचं अस्तर : फॉस्फॅटिडिलसेरीन

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी अकरावीला इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर सायन्स घेतलं आणि बायोलॉजीला कायमचा रामराम ठोकला. बेडूक गेला, गांडूळ गेलं, जर्नलमधल्या आकृत्या गेल्या; सुटलो! त्यामुळे वरचं शीर्षक वाचून पान उलटायला निघालेला हात जरा थांबवा. या लेखात पंप आहे, झडप आहे, सेन्सर आहे आणि थोडं थर्मोडायनॅमिक्सही आहे. फक्त हे सगळं चार-पाच नॅनोमीटर जाडीच्या एका पडद्यात बसवलेलं आहे. तो पडदा म्हणजे आपल्या पेशीचं पटल.

या पटलातल्या एका रेणूची आज ओळख करून घेऊ. नाव जरा लांबलचक आहे : फॉस्फॅटिडिलसेरीन. पुढे आपण त्याला 'पीएस' म्हणू. (ऑटोमोबाइलवाल्यांनो, हा अश्वशक्तीचा पीएस नव्हे!) या रेणूची गंमत अशी, की तो पटलाच्या आतल्या बाजूला असला तर पेशीचं सगळं ठीक चाललेलं असतं, आणि तोच बाहेरच्या बाजूला आला की पेशीचं आयुष्य संपू शकतं किंवा रक्त गोठू शकतं. रेणू तोच, त्यातला एक अणूही बदललेला नाही, बदलली ती फक्त जागा. एवढ्यावर जीवन-मरणाचा निर्णय कसा होतो, ते पाहू.

रेणूची रचना

कोणतंही फॉस्फोलिपिड म्हणजे एक डोकं आणि दोन शेपट्या. मधला सांगाडा ग्लिसेरॉलचा. ग्लिसेरॉलला तीन हात असतात. त्यातल्या दोन हातांना मेदाम्लांच्या लांब साखळ्या जोडलेल्या असतात. या झाल्या शेपट्या. त्या तेलकट, पाण्याशी फटकून वागणाऱ्या. तिसऱ्या हाताला फॉस्फेट आणि फॉस्फेटला आणखी एक छोटा रेणू. हे झालं डोकं, पाण्यात रमणारं. हा छोटा रेणू कोलीन असेल तर त्या फॉस्फोलिपिडला लेसिथिन म्हणतात (चॉकलेटच्या वेष्टनावर 'सोया लेसिथिन' लिहिलेलं असतं, त्यातला हा एक मुख्य घटक). कोलीनच्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल आलं की झाला आपला पीएस.

फरक दिसायला छोटा आहे, पण विद्युतभाराचा हिशेब करा. लेसिथिनच्या डोक्यावर फॉस्फेटचा एक ऋणभार आणि कोलीनचा एक धनभार, बेरीज शून्य. पीएसमध्ये फॉस्फेटचा एक ऋण, सेरीनच्या कार्बोक्झिल गटाचा एक ऋण आणि अमिनो गटाचा एक धन. म्हणजे शरीरातल्या पीएचला निव्वळ एक ऋणभार शिल्लक राहतो. पुढची सगळी कथा या एका शिलकीवर चालते.

मेंदूतून काढलेल्या 'सेफॅलिन' नावाच्या पदार्थाला पूर्वी एकच संयुग समजत. ते मिश्रण आहे हे जॉर्डी फोल्च यांनी १९४२ साली दाखवलं आणि त्यातून पीएस वेगळं काढलं. आपलं शरीर पीएस स्वतःच बनवतं. तयार फॉस्फोलिपिडचं डोकं काढून त्या जागी सेरीन बसवायचं, अशी ही अदलाबदल आहे आणि त्यासाठी दोन एन्झाइम आहेत. सेरीनसुद्धा शरीर तयार करू शकतं.

दोन थर, पण सारखे नव्हेत

पाण्यात टाकल्यावर फॉस्फोलिपिडचे रेणू आपोआप दोन थरांत उभे राहतात : शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींकडे, डोकी बाहेर दोन्हीकडच्या पाण्याकडे. पेशीपटल असं दुहेरी असतं हे १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या हॉलंडमधल्या संशोधकांनी सांगितलं. त्यांनी तांबड्या रक्तपेशींतली चरबी अॅसिटोनने काढली, पाण्यावर एका थरात पसरली आणि क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. नंतर कळलं की अॅसिटोनने सगळी चरबी निघाली नव्हती आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमीच धरला होता. दोन चुका एकमेकींना कापून गेल्या आणि उत्तर बरोबर आलं! प्रॅक्टिकलच्या परीक्षेत असं नशीब सगळ्यांनाच मिळो.

पण हे दोन थर सारखे नाहीत, हे कळायला १९७२ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी मार्क ब्रेचर यांनी तांबड्या रक्तपेशींवरून असा निष्कर्ष मांडला की अमिनो गट असलेली फॉस्फोलिपिडं प्रामुख्याने आतल्या थरात असतात. पुढच्या कामातून पीएसचं चित्र आणखी स्पष्ट झालं : निरोगी पेशीत ते जवळजवळ पूर्णपणे आतल्या थरातच सापडतं. कोटाच्या अस्तरासारखं. अस्तर आत असतं आणि आत राहून काम करतं. पीएसच्या ऋणभारामुळे पटलाची आतली बाजू ऋण राहते आणि धनभार असलेली काही प्रथिनं तिथे येऊन चिकटतात. प्रोटीन कायनेज सी हे संदेशवहनातलं महत्त्वाचं एन्झाइम पीएसला चिकटल्यावरच नीट कामाला लागतं.

पंप आणि झडप

आता थर्मोडायनॅमिक्स. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला जवळपास शून्य ही समतोलाची अवस्था नव्हे. वेळ दिला तर रेणू दोन्हीकडे सारखे व्हायला बघणार. मग हा फरक टिकतो कसा?

पहिलं कारण म्हणजे अडथळा. रेणू आपल्या थरात इकडे तिकडे झपाट्याने फिरतो, पण थर बदलायचा तर भारित डोकं मधल्या तेलकट भागातून ओढत न्यावं लागतं. कॉर्नबर्ग आणि मॅकॉनेल यांनी १९७१ साली कृत्रिम पटलावर मोजमाप केलं, तेव्हा या कोलांटउडीला तासांच्या हिशेबात वेळ लागतो असं दिसलं.

पण तास म्हणजे कायम नव्हे. तांबडी रक्तपेशी १२० दिवस जगते. तेवढ्या काळात हळूहळू गळती होणारच. म्हणून दुसरी सोय आहे ती पंपाची. १९८४ साली सिन्यूरे आणि डेव्हो यांनी दाखवलं, की तांबड्या रक्तपेशीत पीएसला बाहेरून आत ओढणारी यंत्रणा असते आणि ती एटीपी जाळून चालते. अशा प्रथिनांना 'फ्लिपेज' म्हणतात. बाहेर गेलेला रेणू धरायचा आणि आत आणून सोडायचा, हे काम पेशी जिवंत आहे तोवर चालू.

याच पटलात एक झडपही असते; तिचं नाव 'स्क्रॅम्बलेज'. ती उघडली की फॉस्फोलिपिडं दोन्ही दिशांना भराभर जाऊ लागतात आणि दोन्ही थरांची सरमिसळ होते. तिला एटीपी लागत नाही, कारण उतारावरून पाणी सोडायला पंप लागत नाही. एरवी ती बंद असते. जपानमधल्या क्योटो विद्यापीठातल्या शिगेकाझू नागाता यांच्या गटाने अशा दोन झडपा ओळखल्या : २०१० साली टीएमईएम १६ एफ, जी पेशीत कॅल्शियम वाढलं की उघडते, आणि २०१३ साली एक्सकेआर ८, जी पेशीच्या मृत्यूच्या वेळी उघडते.

'मला खा' ही पाटी

आपल्या शरीरात रोज किती पेशी मरतात? फक्त तांबड्या रक्तपेशींचा हिशेब करू. एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे ५० लाख, रक्त सुमारे ५ लिटर, म्हणजे एकूण २५ लाख कोटी पेशी. १२० दिवस म्हणजे सुमारे १.०४ कोटी सेकंद. भागाकार करा : दर सेकंदाला जवळजवळ २४ लाख पेशी निकालात निघतात! हे वाक्य वाचेपर्यंत कोटभर गेल्या. तरी आपल्याला पत्ता लागत नाही, कारण सफाई करणाऱ्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, त्या गुपचूप गिळतात.

या सफाईवाल्यांना कोणती पेशी गिळायची हे कसं कळतं? १९९२ साली व्हॅलेरी फॅडॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मरणाऱ्या लिंफोसाइट पेशींच्या पृष्ठभागावर पीएस येतं आणि मॅक्रोफेज त्यावरून त्यांना ओळखतात. नियोजित पेशीमृत्यूत, म्हणजे अपॉप्टोसिसमध्ये, कॅस्पेज नावाची एन्झाइम्स एकाच वेळी दोन गोष्टी करतात. ती फ्लिपेजला तोडतात आणि एक्सकेआर ८ ला कापून चालू करतात. पंप बंद, झडप उघडी. थोड्याच वेळात अस्तर बाहेर! तांबड्या रक्तपेशीची गोष्ट थोडी वेगळी आहे. म्हाताऱ्या झालेल्या पेशीवर पीएस ही अनेक खुणांपैकी एक असते.

आता तुम्ही म्हणाल, चुकून जिवंत पेशीचं पीएस थोडं बाहेर आलं तर? म्हणून नुसत्या पीएसवर निर्णय होत नाही. निरोगी पेशीवर सीडी ४७ सारखी 'मला खाऊ नका' सांगणारी प्रथिनंही असतात. मॅक्रोफेज दोन्ही खुणा पाहतो. एकाच सेन्सरवर ट्रिप होणारी यंत्रणा किती त्रास देते, हे इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना सांगायला नको.

आणि सफाई झाली नाही तर? न गिळलेली पेशी फुटते, आतला माल सांडतो आणि प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच घटकांवर उलटू शकते. पीएस ओळखायला मदत करणारं एमएफजी-ई ८ हे प्रथिन ज्या उंदरांमध्ये नव्हतं, त्यांना ल्युपससारखा आजार झालेला दिसला.

बोट कापलं की

मेसमध्ये कांदा चिरताना बोट कापलं, तर रक्त दोन-चार मिनिटांत थांबतं. इथेही पीएस आहेच. जखमेजवळच्या प्लेटलेट्स जोरात उत्तेजित झाल्या की त्यांच्यात कॅल्शियम वाढतं, टीएमईएम १६ एफ ही झडप उघडते आणि पीएस बाहेर येतं. रक्त गोठवणारे काही घटक, उदाहरणार्थ प्रोथ्रॉम्बिन आणि घटक दहा, स्वतःही ऋणभारित असतात. मग ऋण पृष्ठभागाला ते चिकटणार कसे? मधे कॅल्शियमचे धनभारित आयन पूल बांधतात. हा पूल धरायला घटकांवर जे खास गट लागतात, ते व्हिटॅमिन के असेल तरच बसवले जातात.

चिकटून काय साधतं? रक्तात तरंगणारे दोन रेणू तीन मितींत एकमेकांना शोधत फिरतात. पृष्ठभागावर आले की शोध दोन मितींत होतो आणि गाठ लवकर पडते. सक्रिय घटक दहा एकटा जेवढ्या वेगाने प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करतो, त्याच्या सुमारे तीन लाख पट वेग पीएसचा पृष्ठभाग, कॅल्शियम आणि घटक पाच सोबत असले की मिळतो. शिवाय गोठण्याची क्रिया जखमेजवळच राहते, सगळीकडे पसरत नाही. रक्तदान शिबिरातल्या पिशवीत सायट्रेट असतं ते याचसाठी : ते कॅल्शियम धरून ठेवतं, पूल बांधला जात नाही आणि रक्त पातळ राहतं.

बिघाड झाला तर

झडपच नसेल तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे स्कॉट सिंड्रोम. १९७९ साली याची पहिली रुग्ण नोंदली गेली. प्लेटलेट्सची संख्या ठीक, तरी रक्तस्राव लवकर थांबत नव्हता. २०१० साली कारण कळलं : टीएमईएम १६ एफच्या जनुकात दोष. हा आजार अत्यंत दुर्मिळ आहे.

उलट बाजूचा बिघाड आपल्या जवळचा आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. त्यात ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे धागे बनतात, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, पुन्हा सरळ होते, पुन्हा वाकते. या ओढाताणीत काही पेशींचं पीएस बाहेर येतं. अशा पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायला आणि रक्त गोठायला हातभार लावतात.

विषाणूंनीही ही खूण चोरली आहे. डेंग्यूच्या विषाणूचं आवरण आपल्याच पेशीच्या आतल्या पटलातून येतं आणि त्यात पीएस असतं. ते ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनांच्या वाटेने तो पेशीत शिरू शकतो, असं २०१२ साली दाखवलं गेलं. मेलेल्या पेशीचं सोंग घेऊन आत घुसायचं!

बाजारातली कॅप्सूल

परीक्षा जवळ आली की 'स्मरणशक्तीसाठी' म्हणून पीएसच्या कॅप्सूलही नजरेस पडतात. पूर्वी हे पीएस गाईच्या मेंदूतून काढत. 'मॅड काऊ' रोगाच्या भीतीनंतर सोयाबीन वापरलं जाऊ लागलं. मेंदूत पीएस भरपूर असतं हे खरं, पण म्हणून ते खाल्ल्याने पाठांतर वाढतं असं होत नाही. आतड्यात त्याचे तुकडे होतात आणि शरीर आपलं पीएस स्वतः बनवतंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाबाबतचा दावा छापायला परवानगी दिली, पण त्याला फारच थोडा शास्त्रीय आधार आहे हेही सोबत छापण्याच्या अटीवर. तरुण विद्यार्थ्याने त्यावर पैसे घालण्याआधी हे वाक्य जरूर आठवावं. तेवढ्या पैशांत रोजची दोन अंडी आणि वेळेवर झोप सहज जमते.

शेवटी

रेल्वेचा जुना व्हॅक्युम ब्रेक आठवा. निर्वात टिकवायला सतत काम करावं लागतं, आणि पाइप फुटला की ब्रेक आपोआप लागतो. पीएसची रचना याच जातीची आहे. पेशी धडधाकट आहे तोवर ती एटीपी खर्चून पीएस आत ठेवते. कॅल्शियमही पंपांनीच बाहेर ठेवलेलं असतं. पेशी खचली, पंप थांबले की ते आत शिरतं आणि झडप उघडते. संकटाची बातमी द्यायला वेगळा रेणू बनवण्याइतकी ताकद शेवटच्या घटकेला उरेलच असं नाही. म्हणून बातमी आधीच तयार करून आत ठेवली आहे, आणि ती आत धरून ठेवण्यातच रोजची ऊर्जा जाते. फेल-सेफ डिझाइनचा धडा आपण तिसऱ्या वर्षात शिकतो. आपल्या रक्तातली प्रत्येक पेशी तो आधीपासून गिरवते आहे.