पुरापूर्वी घराची व गोठ्याची तयारी

कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांच्या काठची जमीन काळी, कसदार व उसाला मानवणारी आहे. ज्या नद्यांनी ही जमीन घडविली, त्याच नद्या आषाढ-श्रावणात गावात शिरतात. सन २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी याचा प्रत्यय आणून दिला. पूर थोपविणे एका कुटुंबाच्या हाती नाही. परंतु पुरात किती हानी सोसावी लागेल, हे पुष्कळ अंशी त्या कुटुंबाने पावसाळ्यापूर्वी काय केले यावर अवलंबून असते.

निघावयाचे केव्हा?

तयारीतील पहिली गोष्ट म्हणजे घर केव्हा सोडावयाचे हे आधी ठरविणे. याबाबत दोन चुका नेहमी घडतात.

पहिली चूक मागील पुरावर विसंबण्याची. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट मानली जाते. तेथे २००५ साली पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत चढले होते. २०१९ साली ते सुमारे साडेसत्तावन्न फुटांवर गेले. "मागच्या वेळी आमच्या उंबऱ्याला पाणी लागले नव्हते" हा हिशेब अशा वेळी साफ चुकतो.

दुसरी चूक उंबऱ्याकडे पाहत बसण्याची. नदी फुगली म्हणजे ओढ्याचे पाणी तिच्यात न जाता मागे सरकते. त्यामुळे घराला पाणी लागण्यापूर्वीच ओढ्यावरील फरशी बुडते व रस्ता बंद होतो. मग नावेवाचून गत्यंतर उरत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गाव सोडून निघालेल्या माणसांची नाव उलटली व अनेक ग्रामस्थ बुडाले. त्यांत स्त्रिया व मुलेही होती.

तात्पर्य, घर उंबरा पाहून नव्हे, रस्ता पाहून सोडावे. आपल्या गावची फरशी नदीची पातळी किती फूट झाली म्हणजे बुडते, याची नोंद करून ती भिंतीवर लिहून ठेवावी. इशारा पातळी गाठताच वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया, लहान मुले व जनावरे हलवावीत. उरलेल्यांनी रस्ता चालू आहे तोवरच निघावे. कोल्हापूरकडील गावांनी राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी ध्यानात ठेवावी.

घरातील तयारी

मे महिन्यातच पुढील वस्तू एका पिशवीत बांधून हाताशी ठेवाव्यात: सात-बाराचा उतारा, शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक व विम्याचे कागद (सर्व प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून), विजेरी व जादा सेल, नेहमीची औषधे, काडेपेटी, थोडी रोख रक्कम, तीन दिवस पुरतील असे भाजलेले चणे, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे. पिण्यासाठी दर माणशी रोज किमान तीन लिटर पाणी धरावे. पाच माणसांच्या घराला तीन दिवसांस ४५ लिटर लागते.

बियाणे व धान्य माळ्यावर चढवावे. कीटकनाशके व तणनाशके धान्यापासून दूर, झाकण घट्ट लावून उंच जागी ठेवावीत. नदीकाठच्या मोटारी पाणी चढण्याआधीच काढून आणाव्यात. चढत्या पाण्यात मोटार काढण्यास कोणीही उतरू नये. घर सोडताना विजेचा मुख्य खटका बंद करावा, गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर बंद करून टाकी भिंतीला बांधावी.

गोठा

माणसे मागे राहतात ती बहुधा जनावरांपायी. दुभती म्हैस सोडून जाणे कोणासही जड जाते. यासाठी जनावरांची सोय माणसांच्याही आधी लावावी. उंचावरील गावातील सोयरे वा स्नेही यांच्याशी उन्हाळ्यातच बोलणे करून ठेवावे. घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात, कानातील बिल्ल्याचा क्रमांक वहीत लिहावा आणि काही दिवसांची वैरण उंच जागी रचून ठेवावी. एवढे करूनही जनावरे नेणे न साधल्यास दावी सोडून द्यावीत. मोकळे जनावर पोहून उंचवटा गाठू शकते, बांधलेले जागीच बुडते. मात्र त्यांच्यासाठी कोणीही मागे थांबू नये.

पाणी ओसरल्यावर

घरात शिरण्यापूर्वी भिंती पाहाव्यात व काठीने चाचपडत जावे. अडगळीत साप असतात. वायरमनने पाहिल्याखेरीज वीज सुरू करू नये. साफसफाईपूर्वी घराची, पिकांची व मृत जनावरांची छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी अडचण पडत नाही.

पिण्याचे पाणी फडक्याने गाळावे व चांगली उकळी येऊन एक मिनिट उकळू द्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. पायाला जखम असल्यास चिखलात उतरू नये. पुराच्या पाण्यात वावरलेल्या माणसास ताप आल्यास तो लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

मे महिन्यात वाडी-वस्तीनिहाय बैठक घ्यावी. एकटे राहणारे वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रिया यांची यादी करून प्रत्येकामागे एका शेजाऱ्याचे नाव ठरवावे. नावेत किती माणसे बसवावयाची, हे तिच्यावर ठळक रंगवून घ्यावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ व तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक चावडीवर लिहावेत. शेवटी, प्रत्येक घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा: "तुमची फरशी किती फुटांना बुडते?" ज्या घरात याचे उत्तर लहान मुलांनाही ठाऊक असेल, त्या घराची निम्मी तयारी झाली असे समजावे.